अमिगुरुमी : क्रोशाच्या लहान खेळण्यांचा इतिहास आणि 'फावल्या वेळेचे' श्रम

प्रास्ताविक

हस्तव्यवसायांचा इतिहास लिहिताना विणकर, कुंभार, सुतार, लोहार यांच्या कारागिरीची यथायोग्य दखल घेतली जाते. घरात बसून केलेले क्रोशाचे काम मात्र बहुधा 'बायकांचा छंद' म्हणून निकालात काढले जाते. जपानमध्ये रुजलेली अमिगुरुमी ही त्याच उपेक्षित कामाची अलीकडची शाखा होय. मुठीत मावतील एवढे ससे, अस्वले, मांजरे लोकरीच्या वा सुती धाग्याने विणून आत कापूस भरण्याची ही कला नवशिक्यांसाठी 'सोपी' मानली जाते. हे सोपेपण कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

क्रोशाचे मूळ

'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा. या कलेच्या प्राचीनतेविषयी बरीच सैल विधाने प्रचलित आहेत. परंतु डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी साधनांची छाननी केली असता युरोपात १८०० पूर्वीचा खात्रीलायक पुरावा त्यांना आढळला नाही. त्यापूर्वी युरोपात 'तांबूर' नावाचे भरतकाम लोकप्रिय होते. चौकटीवर ताणलेल्या कापडातून आकड्याने साखळी टाका काढण्याची ही रीत पूर्वेकडून तेथे गेली असे मानले जाते. कच्छमधील मोची कारागिरांचे आरीकाम याच कुळातले. आधाराचे कापड दूर सारून टाका केवळ धाग्याच्या बळावर उभा करणे म्हणजेच क्रोशे, अशी उपपत्ती मांडली जाते आणि ती ग्राह्य वाटते. १८२० च्या दशकात 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात क्रोशाचे नमुने छापले गेले. म्हणजे ज्या कामाला आजीच्या काळापासूनचे, अनादि असे समजले जाते, त्याचा लिखित इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा आहे.

या इतिहासातील निर्णायक प्रसंग आयर्लंडमधील आहे. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ सुरू झाला. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन मठातील जोगिणींनी मुलींना क्रोशाची जाळी शिकविली. क्लोन्स येथे धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी १८४७ मध्ये हेच काम सुरू केले. महागड्या परंपरागत लेसपेक्षा क्रोशाला साहित्य अत्यल्प लागे : एक आकडा आणि धागा. पोट भरण्याचे साधन म्हणून ते घरोघर पोहोचले. क्रोशाच्या प्रसारामागे विरंगुळ्यापेक्षा उपासमार अधिक होती, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

भारतातही याच शतकात मिशनऱ्यांच्या द्वारे गोदावरीच्या मुखप्रदेशातील नरसापूर येथे क्रोशाची लेस रुजली. मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील विरोधाभास नेमका टिपला आहे. परदेशी बाजारासाठी माल तयार करणाऱ्या स्त्रियांना कामगार न मानता, फावल्या वेळेत विणणाऱ्या गृहिणी मानले जाई. आणि गृहिणी ठरल्यामुळेच त्यांची मजुरी नाममात्र राही. 'फावला वेळ' हा येथे निरुपद्रवी शब्दप्रयोग नसून दर ठरविण्याचे साधन आहे.

जपानमधील वळण

जपानमध्ये विणकामाचा प्रवेश युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर झाला. विणलेल्या कापडासाठीचा 'मेरियासु' हा जपानी शब्द पायमोज्यांसाठीच्या पोर्तुगीज वा स्पॅनिश शब्दावरून आलेला आहे. 'अमिगुरुमी' हे नाव मात्र अस्सल जपानी. 'अमि' म्हणजे विणणे आणि 'नुइगुरुमी' म्हणजे शिवून आत भरण घातलेली बाहुली. या दोहोंचा तो संयोग. १९७० च्या दशकात जपानमध्ये 'कावाई', म्हणजे गोजिऱ्या, वस्तूंची आवड बळावली. सॅनरिओ कंपनीची 'हॅलो किटी' ही आकृती १९७४ मधली. मोठे डोके, लहान धड, मोजक्या टाक्यांत रेखलेला चेहरा ही अमिगुरुमीची ठेवण याच अभिरुचीशी जुळणारी आहे.

२००० नंतर ही कला जपानबाहेर पसरली, त्याचे श्रेय केवळ गोजिरेपणाला देणे पुरेसे नाही. जपानी पुस्तकांत टाके शब्दांऐवजी प्रमाणित चिन्हांनी दाखविले जातात. या चिन्हांना जपानी औद्योगिक मानकांत स्थान आहे. परिणामी जपानी न जाणणाऱ्या व्यक्तीलाही आकृती पाहून खेळणे विणता येते. एट्सी (२००५) आणि रॅव्हलरी (२००७) या संकेतस्थळांनी पुढे नमुन्यांना बाजार मिळवून दिला.

तंत्राचे सोपेपण खरेच आहे. सुरुवातीच्या फाशात सहा मुके खांब घालायचे, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस. प्रत्येक फेरीत सहाच खांब का वाढवावेत? मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो, आणि त्रिज्या एक मापाने वाढली की वर्तुळाचा परीघ सुमारे ६.२८ मापांनी वाढतो. त्यामुळे सहाच्या वाढीने तबकडी सपाट राहते. वाढ थांबविली की तिची वाटी होते, घटविली की गोळा मिटतो. याउलट वाढ अधिक केल्यास कडेला झालर पडते. याच गुणाचा उपयोग करून कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये अतिपरवलयी प्रतलाची प्रतिकृती विणली. ज्या भूमितीची हाताळता येईल अशी टिकाऊ प्रतिकृती करणे कठीण होते, ती आकड्याने साध्य झाली.

महाराष्ट्रात क्रोशाचे स्थान रुखवतात होते : तोरणे, रुमाल, ताटांवरची झाकणे. हे काम मुख्यतः सपाट आणि नववधूचे कौशल्य मांडून दाखविण्यासाठी. त्याची किंमत कोणी विचारीत नसे. विचारणे अशोभनीय ठरले असते. आता त्याच घरांतून अमिगुरुमीचे ससे व किल्ल्यांच्या साखळ्या विक्रीस निघू लागल्या, तेव्हा किंमत विचारली जाते, आणि गिऱ्हाईक ती यंत्रावर निघालेल्या बाहुलीच्या किमतीशी ताडून पाहते. ही तुलनाच चुकीची आहे. विणकामाची यंत्रे सर्वत्र आहेत, परंतु खरे क्रोशे औद्योगिक प्रमाणावर यंत्राने होत नाही. दुकानातील स्वस्त क्रोशाची वस्तूदेखील कोणाच्या तरी हातांनीच विणलेली असते.

नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या ज्या कायद्याखाली ते दिले जाते, तो नावाचे व प्रदेशाचे संरक्षण करतो. विणणारीला नगामागे किती मिळावे, याविषयी त्यात तरतूद नाही.