सूक्ष्मदर्शकाच्या 'स्टेज'वर नाटक कोण करतं?

मागच्या आठवड्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी करायला गेलो होतो. नेहमीचंच सगळं. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, सौर चूल. एका टेबलावर आठवीतली एक मुलगी सूक्ष्मदर्शक घेऊन उभी होती. मागे हाताने काढलेला तक्ता. समोर तिचीच आजी. मुलगी पाठ केल्यासारखं सांगत होती, "ही नेत्रिका, हे भिंग, आणि हे स्टेज. यावर कांद्याचा पापुद्रा ठेवायचा."

आजीने वाकून बघितलं. म्हणाली, "एवढंसं स्टेज? त्यावर नाटक कोण करतं गं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना प्रश्न डोक्यातून जाईना. नमुना ठेवायच्या त्या चौकोनी पत्र्याला इंग्रजांनी 'स्टेज' का म्हटलं असेल? आणि ज्यांचे सूक्ष्मदर्शक जगभर गाजले ते जर्मन लोक त्याला काय म्हणतात? तीन-चार रात्री वाचण्यात गेल्या. हाताला लागलं ते इथे मांडतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी इंग्रजी. 'स्टेज' हा शब्द मुळात नाटकाचा नाहीच. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'उभं राहणं' हे क्रियापद आहे. म्हणजे उभं राहायची जागा. घराचा मजला, ओटा, मचाण, सगळ्याला स्टेज. फ्रेंचमध्ये आजही त्याच शब्दाचा भाऊ इमारतीच्या मजल्यासाठी वापरतात. नाटकवाले त्या मचाणावर चढले ते नंतर, सोळाव्या शतकात. आणि गंमत बघा, लॅटिनमधलं ते 'उभं राहणं' आणि आपलं संस्कृत 'स्था' एकाच मुळातून निघालेत. स्थान, ठाणं, ठाव ही सगळी आपल्याकडची भावंडं. तेव्हा 'स्टेज' आणि आपलं पोलीस ठाणं हे लांबचे नातेवाईक निघाले!

अठराव्या शतकात लंडनचे कारागीर सूक्ष्मदर्शक बनवत होते. फ्लीट स्ट्रीटवरच्या जॉन कफचं १७४४ चं पितळी यंत्र त्या काळी गाजलं. नमुना ठेवायच्या फळीला इंग्रजीत 'स्टेज' म्हणायचे, ते फळी या साध्या अर्थाने. त्यात नाटक नव्हतं.

आता जर्मन. तिथे नाटकाच्या स्टेजला म्हणतात 'ब्यूने'. मूळ अर्थ फळ्यांचा ओटा. दक्षिणेकडच्या श्वाबेन भागात आजही ब्यूने म्हणजे घराचा माळा. पण सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजला कुणी ब्यूने म्हणत नाही. त्याला शब्द आहे 'ओब्येक्ट-टिश', म्हणजे वस्तू ठेवायचं टेबल. बस्स. ज्यावर काहीतरी ठेवून काम करायचं ते टेबल, विषय संपला.

इंग्रजीचं एक 'स्टेज' जर्मनमध्ये जागोजागी वेगळं होतं. नाटकाचं ब्यूने, सूक्ष्मदर्शकाचं टिश, आजाराचं 'श्टाडियुम'. त्यातलं ब्यूने स्त्रीलिंगी, टिश पुल्लिंगी, श्टाडियुम नपुंसकलिंगी. आपल्यासारखीच तीन लिंगं तिकडेही आहेत.

हे वाचताना मला आपली मराठी आठवली. आपण म्हणतो, 'गणपतीत स्टेज बांधलं', पण 'कॅन्सरची तिसरी स्टेज'. एक नपुंसकलिंगी, दुसरी स्त्रीलिंगी. हे कुठल्या समितीने ठरवलं? कुणीच नाही. लोकांनी बोलता बोलता वेगळं केलं. आणि एसटीत भाडं मोजायची वेळ आली तेव्हा लोक सरळ 'टप्पा' म्हणाले. सहा किलोमीटरचा एक टप्पा. किती चपखल शब्द आहे!

पुढची गंमत काचेच्या पट्टीची. इंग्रजीत ती 'स्लाइड', म्हणजे सरकणारी. पूर्वी नमुने हस्तिदंताच्या लांब पट्टीला भोकं पाडून त्यात अभ्रकाच्या चकत्यांमध्ये बसवत. ती पट्टी भिंगाखालून सरकवत न्यायची आणि एकामागून एक नमुना बघायचा. म्हणून स्लाइड. पट्टी काचेची झाली, सरकवणं मागे पडलं, नाव राहिलं. जर्मन तिला म्हणतात 'ओब्येक्ट-ट्रेगर', वस्तू वाहून नेणारा. वर ठेवायच्या पातळ काचेला 'डेकग्लास', झाकणकाच.

पण सरकणारा शब्द जर्मनमध्येही आहे, फक्त तो नाट्यगृहात राहतो. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना जे रंगवलेले पडदे-फळ्या असतात, ज्याला आपण विंग म्हणतो, त्याला जर्मनमध्ये 'कुलिसे'. हा फ्रेंच शब्द. मूळ अर्थ खाचेतून सरकणारी फळी. म्हणजे इंग्रजांची सरकपट्टी प्रयोगशाळेत गेली आणि जर्मनांची नाटकात.

फिरत्या रंगमंचाचंही तसंच. जपानच्या काबुकी नाटकात तो अठराव्या शतकापासून होता. युरोपात १८९६ साली म्युनिकला कार्ल लाउटेनश्लेगर यांनी मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हानी'साठी तो उभा केला. जर्मन नाव 'ड्रेब्यूने'. आपल्याकडे अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मुळे तो घरोघरी माहीत झाला. आता खडकांचे पातळ काप तपासायच्या सूक्ष्मदर्शकालाही गोल फिरणारं स्टेज असतं. इंग्रजीत तेही स्टेजच. जर्मनमध्ये मात्र 'ड्रेटिश', फिरतं टेबल.

इथवर वाचून कुणाला वाटेल, जर्मन लोक भाषेचे फार शुद्ध. तसं अजिबात नाही. ज्या भागाला इंग्रज घरगुती शब्दात 'आयपीस' म्हणतात, त्याला जर्मन लॅटिन वळणाचं 'ओकुलार' म्हणतात. नळीला 'टुबुस', स्टँडला 'श्टाटीफ', दोन्ही लॅटिन. आणि भिंगं बसवलेली जी चकती आपण फिरवतो, तिला इंग्रजीत 'नोजपीस', म्हणजे नाकाचा तुकडा. जर्मनमध्ये चक्क 'रिव्हॉल्वर'! नाटकाचे कितीतरी शब्द त्यांनी फ्रेंचमधून उचलले. जिथे घरचा शब्द कामाचा वाटला तिथे घरचा, जिथे बाहेरचा सोयीचा तिथे बाहेरचा.

हे जमलं कसं? मला वाटतं, शब्द जिथे काम चालायचं तिथेच तयार होत होते. कार्ल झाइसने १८४६ साली येना या छोट्या विद्यापीठाच्या गावात वर्कशॉप टाकलं. तिथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन यांनी त्याला सूक्ष्मदर्शक बनवायला भरीस घातलं. पुढे १८६६ मध्ये एर्न्स्ट आबे हे भौतिकशास्त्रज्ञ येऊन मिळाले आणि अंदाजाने घासायची भिंगं गणिताने बनू लागली. १८८६ साली झाइसने दहा हजारावा सूक्ष्मदर्शक साजरा केला. विद्यापीठातला प्राध्यापक, वर्कशॉपचा मालक आणि भिंग घासणारा कामगार एकाच भाषेत बोलत होते. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये सांगितलं, तेही जर्मनमध्येच. हेच कॉख १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आले होते.

त्याच्याही आधीचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेव्हेनहुक नावाचा कापड दुकानदार होता. त्याला ना लॅटिन येत होतं, ना इंग्रजी. स्वतः घासलेल्या एका भिंगातून त्याने पाण्यातले जीव पाहिले, जंतू पाहिले, आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या डच भाषेत पत्र लिहिलं. त्या जीवांना त्याने काय नाव दिलं? 'छोटे प्राणी'. झालं. त्या पत्राचं भाषांतर करून छापलं ते सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांनी, आणि ते स्वतः जर्मनीतल्या ब्रेमेनचे. एका गावातला दुकानदार आपल्या भाषेत लिहितो आणि त्याचं भाषांतर करायचं काम विद्वानांनी करायचं असतं, हे त्या काळी त्यांना कळलं होतं.

आणि शब्द वेगळे म्हणून कुणाचं अडलं नाही. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने काचपट्टीचं माप ठरवलं तीन इंच बाय एक इंच. १८५८ मध्ये भिंग बसवायच्या आट्यांचं माप ठरवलं. पुढे जर्मन कारखान्यांनीही तेच आटे घेतले. स्टेज म्हणा, टिश म्हणा, भिंग बसलं पाहिजे. भाषा आपापली, आटे एकच.

आता आपल्याकडे या. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून आपल्या नाटकाची भाषा घडत आली. रंगमंच, पडदा, नेपथ्य, झालर आपली. विंग, लेव्हल, एन्ट्री इंग्रजीतून आली. कुणी भांडलं नाही. कारण ते शब्द पडदा ओढणारा, दिवे लावणारा, संवाद म्हणणारा माणूस रोज वापरत होता. विज्ञानाचे आपले बरेचसे शब्द मात्र इंग्रजी शब्द समोर ठेवून, टेबलावर बसून केले गेले. यंत्राकडे बघून नाही. त्या मुलीच्या तक्त्यावर स्टेजपुढे लिहिलं होतं 'मंच'. म्हणजे फळी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं आपण नाटकाच्या अर्थाने भाषांतर केलं. आजीने बरोबर चूक पकडली होती! उलट 'काचपट्टी' बघा. वस्तूकडे बघून केलेला शब्द आहे. एकदा ऐकला की समजतो.

त्या मुलीला मी विचारलं, परीक्षेत काय लिहिणार? म्हणाली, "सर, आमचं सेमी आहे. वर्गात स्टेज, तक्त्यावर मंच. पण घरी सांगताना कुठलाच कळत नाही." हे शेवटचं वाक्य मला लागलं. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले, आम्हीही पहिल्या पानावर बातमी लावली. पण जी भाषा नातीला आजीशी कांद्याच्या पापुद्र्याबद्दल बोलू देत नाही, तिचा दर्जा कागदावरच राहणार. शब्द इंग्रजी असला तरी चालेल, मराठी असला तरी चालेल. पण तो यंत्राला हात लावणाऱ्या शिक्षकाने, लॅबमधल्या माणसाने, मुलांनी वापरून ठरवलेला असावा.

जाता जाता आजीच्या बाजूने दोन पुरावे. जर्मन 'टिश' लॅटिनमधल्या 'डिस्कस'वरून आला, म्हणजे तबकडी. आणि पुढारी ज्यावर बसतात तो इंग्रजीतला 'डायस' हा शब्दही त्याच 'डिस्कस'चा. टेबल आणि मंच शेवटी चुलत भाऊच. दुसरं म्हणजे, १८३० च्या दशकात लंडनमध्ये चुन्याच्या प्रखर प्रकाशाने पाण्यातले किडे मोठे करून पडद्यावर दाखवायचे खेळ चालत. लोक तिकीट काढून बघायला जात. तोच लाइमलाइट १८३७ मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात नटांवर पडला.

तेव्हा आजी, त्या एवढ्याशा स्टेजवर नाटक झालं होतं. नट फार लहान होते, एवढंच.

शाळेत विज्ञान शिकवणारे आणि लॅबमध्ये काम करणारे मित्र इथे बरेच आहेत. तुम्ही मुलांना या भागांची काय नावं सांगता? खाली लिहा. चांगला शब्द सापडला तर त्या मुलीपर्यंत पोचवायची जबाबदारी माझी.