शर्यतीत धावले कोण?

मोबाइलवरील कोणता ब्राउझर वेगवान, हे ठरवणे आपल्याला सोपे वाटते. घड्याळ लावावे, पान किती वेळात उघडते ते मोजावे. मार्च २०११ मध्ये कॅनडातील ब्लेझ कंपनीने तेच केले. आयफोन ४ आणि अँड्रॉइडवर चालणारा नेक्सस एस. हजार संकेतस्थळे, तब्बल ४५,००० मोजण्या! मध्यक वेळ आयफोनवर ३.२५ सेकंद, नेक्ससवर २.१४.

अ‍ॅपलने हरकत घेतली: तुम्ही आमचा सफारी मोजलेलाच नाही! ते खरे होते. ब्लेझने मोजणीसाठी स्वतःचे अ‍ॅप लिहिले होते आणि अ‍ॅपच्या पोटात पान उघडणारा घटक सफारीहून निराळा होता. जावास्क्रिप्ट झपाट्याने चालवणारे ‘नायट्रो’ हे नवे इंजिन त्याला दिलेलेच नव्हते. नव्या इंजिनांनी पाने लवकर उघडत नाहीत, असेही ब्लेझने म्हटले होते; आयफोनपुरते तरी तसे म्हणण्यास आधार नव्हता.

प्रयोगवहीत आपण यादृच्छिक व पद्धतशीर त्रुटी शिकवतो. मोजण्या वाढवल्या की पहिली घटते, दुसरी तसूभरही हलत नाही. मग त्या ४५,००० का असेनात!

अ‍ॅपमधील पानांना ते इंजिन मिळाले २०१४ मध्ये, आयओएस ८ बरोबर.