उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय शिक्षण

दहावीनंतरच्या दोन वर्षांत विद्यार्थ्याला एखाद्या व्यवसायासाठी सक्षम करणे, हा उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय शिक्षणाचा मूळ उद्देश आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील अभ्यासक्रमांपेक्षा हे शिक्षण वेगळे आहे. ते शालेय शिक्षणाचाच एक भाग असून त्याची परीक्षा शिक्षण मंडळामार्फत घेतली जाते.

पार्श्वभूमी

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे ५० टक्के विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. १०+२ या आकृतिबंधात या शिक्षणास १९७६ नंतर प्रारंभ झाला. मात्र ही अपेक्षा पूर्ण झाली नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के असे उद्दिष्ट ठरवले. १९९२ मध्ये ही मुदत अनुक्रमे १९९५ आणि २००० पर्यंत वाढवण्यात आली.

या धोरणानुसार १९८८ मध्ये केंद्र पुरस्कृत योजना सुरू झाली. अभ्यासक्रम व शिक्षक प्रशिक्षणासाठी १९९३ मध्ये भोपाळ येथे पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था स्थापन करण्यात आली. केरळने १९८३-८४ मध्येच स्वतंत्र व्यावसायिक उच्च माध्यमिक शाखा सुरू केली होती. महाराष्ट्रात ‘किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम’ या नावाने हे शिक्षण परिचित झाले.

शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ मध्ये १९८६ साली दुरुस्ती करून या शाखेतील उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा त्यात समावेश करण्यात आला. त्यामुळे त्यांना आस्थापनांमध्ये विद्यावेतनासह एक वर्षाचे प्रशिक्षण घेता येऊ लागले.

मुख्य अडचण

बारावीनंतर थेट रोजगार, हे गृहीत धरून या शाखेची रचना झाली होती. त्यामुळे पदवी शिक्षणाचे दरवाजे बहुतांशी बंदच राहिले आणि कमी गुण मिळालेल्यांचा हा मार्ग, असा समज पालकांमध्ये दृढ झाला. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०१२-१७) अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहून कमी भारतीय कामगारांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतले होते. हेच प्रमाण जर्मनीत ७५ टक्के, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

बदललेली रचना

२०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने कौशल्यांची पातळीनिहाय श्रेणी निश्चित केली. त्याआधारे नववीपासून सर्वसाधारण विषयांसोबत किरकोळ विक्री, वाहन दुरुस्ती, आरोग्यसेवा, कृषी, पर्यटन यांसारखे विषय घेता येऊ लागले. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने व्यवसाय शिक्षणातील पदवी अभ्यासक्रमाची योजना आणल्याने पुढील शिक्षणाचा मार्गही खुला झाला. २०१८ पासून ही शालेय योजना समग्र शिक्षा अभियानांतर्गत राबवली जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा व उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले. कोठारी आयोगाचा आकडाही ५० टक्केच होता. मात्र तो व्यवसाय अभ्यासक्रमात प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचा होता, तर नव्या धोरणाचा भर प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला कौशल्याचा परिचय करून देण्यावर आहे.

प्रवेशापूर्वी

अभ्यासक्रमाची कौशल्य पातळी कोणती, प्रमाणपत्र कोण देते, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण कोठे मिळते आणि इच्छित पदवी प्रवेशासाठी हा विषय ग्राह्य धरला जातो काय, याची खातरजमा विद्यार्थी व पालकांनी करून घेणे आवश्यक आहे. यांपैकी शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर विद्यार्थ्याची पुढील वाटचाल मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.