अधांतरी टेबल आणि आधाराचा प्रश्न

मागच्या वेळी निरोप घेताना मी म्हणालो होतो, की पुढच्या व्याख्यानाला एक टेबल बरोबर आणीन. काहींना ती थट्टा वाटली. तर हे पाहा. उंची जेमतेम वीतभर. खाली एक त्रिकोणी फळी, वर तशीच दुसरी. खालच्या फळीतून एक लाकडी हात वर येतो आणि मध्याकडे वळतो. वरच्या फळीतून तसाच एक हात खाली उतरतो आणि तोही मध्याकडे वळतो. गंमत अशी, की वरून आलेल्या हाताचं टोक खालून आलेल्या हाताच्या टोकापेक्षाही खाली आहे. या दोन टोकांमध्ये बोटभर साखळी आणि तिन्ही कोपऱ्यांवर एकेक दोरी. बस्स. लाकूड लाकडाला कुठेही टेकलेलं नाही. वरची फळी हवेत उभी आहे असं वाटतं.

२०२०च्या टाळेबंदीत अशी टेबलं जगभर अनेकांनी घरच्या घरी केली. हे माझ्या नातवाने केलं. त्याने मला विचारलं, "आजोबा, हे उभं कशावर आहे?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, 'आधार' या शब्दावर तास घेतले. पण चटकन उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर.

आधी यंत्रणा समजून घेऊ. वरची फळी मधल्या साखळीला लटकली आहे, दोराला पोहरा लटकतो तशी. फरक एवढाच, की पोहऱ्याचं वजन टांगल्या जागेच्या खाली असतं, म्हणून तो हलला तरी परत जागेवर येतो. या फळीचा गुरुत्वमध्य टांगल्या जागेच्या वर आहे. नुसत्या साखळीवर ती क्षणभरही राहणार नाही, कलंडेल. ते थोपवतात कोपऱ्यांतल्या दोऱ्या. पण नीट लक्षात घ्या, दोऱ्या फळीला उचलून धरत नाहीत. दोरीने ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. त्या फळीला खाली ओढतात. साखळी वर ओढते, दोऱ्या खाली ओढतात, आणि या ओढाताणीत फळी स्थिर राहते. म्हणजे साखळीवर फळीचं वजन तर आहेच, शिवाय तिन्ही दोऱ्यांची ओढही आहे.

दोऱ्या तीनच का? फळीच्या एका कोपऱ्यावर पेला ठेवा. त्या कोपऱ्याची दोरी सैल पडू पाहते आणि पलीकडच्या दोन दोऱ्या जास्त ताणल्या जातात. दोनच दोऱ्या असत्या, तर फळी कुठल्या तरी एका अंगाला कलंडली असती आणि तिला मागे ओढणारं कुणी नसतं. तीन दोऱ्या साखळीला चोहोबाजूंनी वेढतात, म्हणून भार कुठेही ठेवला तरी त्याच्या विरुद्ध बाजूला ओढणारं कुणी तरी असतंच. चार लावा, पाच लावा, चालेल. तीनपेक्षा कमी नाही.

नातवाने पहिल्या खेपेला मध्ये साखळीऐवजी रबरी दोरी लावली होती. रिकामं टेबल उभं राहिलं. वर एक पुस्तक ठेवलं, रबर ताणलं, फळी खाली सरकली, कडेच्या दोऱ्या सैल झाल्या आणि सगळं एका अंगावर गेलं. कारण सोपं आहे. या टेबलाला स्थैर्य फक्त तुकड्यांच्या मांडणीने येत नाही, ते आधीच भरून ठेवलेल्या ताणाने येतं. तो ताण गेला, की सगळे तुकडे जागच्या जागी असूनही टेबल राहत नाही.

आता इतिहासाकडे येऊ. आधार म्हटलं की आपल्याला 'खालून' हाच शब्द सुचतो. पाया, जोतं, खांब, दगडावर दगड. पण आपल्याकडे वैशेषिक दर्शनात कणाद याबद्दल फार नेमकं बोलतात. संयोग नसेल तर गुरुत्वामुळे वस्तू पडते, असा त्यांचा आशय. हातातल्या मुसळाची चर्चा तिथेच आहे. पाहा, संयोग खालूनच हवा असं ते म्हणत नाहीत! आंबा देठाला लटकतो, तोही संयोगच.

बांधकामात ही गोष्ट मनावर घ्यायला मात्र माणसाला वेळ लागला. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे दाब सोसतात. सायकलच्या चाकातली तार इतकी बारीक, की दाबली तर वाकेल. म्हणून ती आधीच ताणून बसवतात. अशा ताणाच्या चाकाची कल्पना इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली होती. पुढे १९२१ साली मॉस्कोच्या एका प्रदर्शनात कार्ल इओगानसन या लॅटव्हियन कलावंताने काठ्या आणि तारा यांच्या काही रचना ठेवल्या. त्यांपैकी एकीत तीन काठ्या एकमेकींना न टेकता तारांच्या जोरावर तोलून धरल्या होत्या. मूळ वस्तू आज उरलेल्या नाहीत. छायाचित्रं आहेत, आणि मोहोली-नागी यांनी १९२९च्या आपल्या पुस्तकात त्यांची दखल घेतली म्हणून ती आठवण टिकली.

मग येतं १९४८ साल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक माउंटन कॉलेज नावाची एक छोटी, वेगळ्याच वळणाची संस्था होती. तिथल्या उन्हाळी वर्गात केनेथ स्नेलसन हा एकवीस वर्षांचा मुलगा जोसेफ आल्बर्स यांच्याकडे चित्रकला शिकायला आला. त्याच उन्हाळ्यात बकमिन्स्टर फुलर तिथे शिकवायला आले. फुलर विलक्षण वक्ते. निसर्गात ताण सलग असतो आणि दाब तुटक, बेटांसारखा, अशा तऱ्हेचं काहीतरी ते तासन् तास सांगत. मुलगा भारावून गेला. हिवाळ्यात ऑरेगनमधल्या आपल्या घरी बसून त्याने लहान लहान आकृत्या केल्या. शेवटची होती प्लायवूडच्या दोन फुल्यांची. एक फुली दुसरीच्या वर, मध्ये फक्त नायलॉनचा दोरा. वरची फुली अधांतरी! १९४९च्या उन्हाळ्यात त्याने ती गुरूंना दाखवली. फुलर यांनी ती हातात घेतली, निरखली, आणि स्वतःकडे ठेवून घेतली.

आरंभी फुलर यांनी पत्रातून या मुलाचं श्रेय मान्य केलं होतं. पुढे ते नाव गळत गेलं. पन्नाशीच्या दशकात फुलर यांनी 'टेन्सेग्रिटी' हा शब्द घडवला, ताण आणि अखंडता या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून, आणि कल्पना त्यांच्या नावाने जगभर फिरू लागली. १९५९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या रचनांचं प्रदर्शन भरलं. स्नेलसनने आपली बाजू मांडल्यावर तिथे त्याचं काम त्याच्या नावाने ठेवलं गेलं. पेटंट दोघांनाही मिळाली, फुलर यांना १९६२ साली, स्नेलसन यांना १९६५ साली. स्नेलसन यांना टेन्सेग्रिटी हा शब्द कधी रुचला नाही. ते आपल्या कामाला 'तरंगता दाब' म्हणत. १९६८चा त्यांचा नीडल टॉवर वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयात आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, पोलादी तारा, उंची सुमारे १८ मीटर. खाली उभं राहून वर पाहिलं तर नळ्यांच्या चांदण्या दिसतात.

हे उभं राहतंच कसं, याचं गणित मात्र या भांडणापेक्षा जुनं आहे. १८६४ साली मॅक्सवेल यांनी, हो, विद्युतचुंबकीय सिद्धांताचेच मॅक्सवेल, एक नियम दिला. अवकाशातल्या सांगाड्याला जितके सांधे, त्यांची तिप्पट करा, त्यातून सहा वजा करा. सांगाडा ताठ राहायला साधारण इतके दांडे लागतात. स्नेलसन यांच्या काही रचनांत दांडे आणि तारा मिळूनही ही संख्या भरत नाही, तरी त्या उभ्या! १९७८ साली केंब्रिजचे कॅलॅडाइन यांनी दाखवलं, की मॅक्सवेल यांनी स्वतःच असा अपवाद नोंदवून ठेवला होता. अशा रचनेत थोडी हालचाल शिल्लक राहते, पण आतला ताण तिला परत जागेवर आणतो. आपलं टेबल पाहा. बोटाने हलकेच पीळ दिला तर फळी थरथरते, कारण त्या पहिल्या सूक्ष्म हालचालीत एकही दोरी लांबत नाही. तिला परत आणतो तो दोऱ्यांत आधीच असलेला ताण. ही रचना दगडासारखी ताठ नाही. ती हलते आणि परत येते.

काटेकोर माणूस म्हणेल, हे टेबल खरं टेन्सेग्रिटी नव्हे. त्याचे लाकडी हात वाकण्याचा जोर सोसतात, स्नेलसन यांच्या नळ्या फक्त दाब सोसतात. बरोबर आहे. पण मुद्द्याची गोष्ट दोघांत एकच. स्थैर्य कुठल्या एका तुकड्यात नाही, तुकड्यांमधल्या संबंधात आहे.

आता शेवटचं, जरा जड जाणारं. फुलर आणि स्नेलसन यांची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आणि दर वेळी विद्यार्थ्याची बाजू घेतली. पण अनेक वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने चर्चेत एक दृष्टांत दिला होता. मुसळ हातात असतं, तेव्हा आधार हात असतो की पकड? मी तो व्याख्यानात घेतला. पहिली दोन-तीन वर्षं 'माझी एक विद्यार्थिनी म्हणते' असं सांगायचो. मग ते वाक्य सुटलं. लोक दृष्टांत माझा समजू लागले आणि मी गप्प राहिलो. कुणी चोरी केली असं म्हणणार नाही. नाव आपोआप गळतं, हेच त्यातलं वाईट. गेल्या महिन्यात मी तिला पत्र लिहिलं आणि त्या दृष्टांताबरोबर यापुढे तिचं नाव घेण्याची परवानगी मागितली. उत्तर आलं की इथे सांगेन.

तर नातवाच्या प्रश्नाचं उत्तर असं, की टेबल कशा'वर' उभंच नाही. ते सगळ्यांनी मिळून ओढून धरलेलं आहे. वरची फळी तेवढी दिसते, दोऱ्या लांबून दिसत नाहीत. जाताना एकेकाने पुढे या आणि दोऱ्या जवळून पाहा. हात लावलात तरी चालेल, मात्र मधली साखळी सोडवू नका.