ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था ही ग्रामीण भागातील बेरोजगार तरुण-तरुणींना अल्प मुदतीचे, निवासी आणि विनामूल्य प्रशिक्षण देऊन स्वतःचा व्यवसाय उभा करण्यास साहाय्य करणारी, भारतातील बँकांमार्फत जिल्हावार चालवली जाणारी संस्था आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'आरसेटी' या नावाने ओळखली जाते. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालय, राज्य शासन आणि पुरस्कर्ती बँक अशा तिघांच्या भागीदारीतून तिचा कारभार चालतो. देशात अशा सुमारे सहाशे संस्था आहेत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी (आयटीआय) तिची अनेकदा गल्लत केली जाते. आयटीआयमध्ये प्रामुख्याने एक किंवा दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात आणि त्यांचा रोख कारखान्यातील कुशल कामगार घडवण्याकडे असतो. आरसेटीचे प्रशिक्षण काही दिवसांचे ते काही आठवड्यांचे असते आणि नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा हे त्याचे उद्दिष्ट असते.

पार्श्वभूमी

ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देण्याची 'ट्रायसेम' ही केंद्र शासनाची योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ३५ वयोगटातील युवक तिचे लाभार्थी होते. प्रशिक्षण एका यंत्रणेने द्यायचे, कर्ज दुसरीने द्यायचे आणि अनुदान तिसरीने, अशी तिची रचना होती. परिणामी शिकलेल्या अनेकांना कर्ज मिळाले नाही आणि ज्यांना कर्ज मिळाले त्यांपैकी अनेकांनी प्रशिक्षण घेतलेले नव्हते. विद्यावेतनापुरते प्रशिक्षणाला येणाऱ्यांचा प्रश्नही होताच. १ एप्रिल १९९९ पासून ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन करण्यात आली.

दरम्यान कर्नाटकात एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील उजिरे या गावी १९८२ साली श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर शैक्षणिक न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून 'रुडसेटी' नावाची प्रशिक्षण संस्था स्थापन केली. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे हे तिचे प्रवर्तक होत. कर्ज देणारी बँकच प्रशिक्षणाची जबाबदारी घेते, ही या प्रयोगातील निर्णायक गोष्ट होती. आपल्याच संस्थेत शिकलेला अर्जदार शाखेत आला, तर शाखाधिकाऱ्याला त्याच्याविषयी काही माहिती आधीपासून असते आणि नकार देताना त्याला कारण सांगावे लागते. ट्रायसेमच्या रचनेत नेमका हाच दुवा नव्हता. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे प्रशिक्षणार्थ्याच्या संपर्कात राहण्याची पद्धतही रुडसेटीतूनच पुढे रूढ झाली.

देशव्यापी विस्तार

रुडसेटीचे प्रारूप देशातील प्रत्येक जिल्ह्यात राबवण्याचा निर्णय ग्रामविकास मंत्रालयाने घेतला आणि २००९ मध्ये त्यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. संस्था चालवण्याची जबाबदारी मुख्यत्वे त्या त्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेवर सोपवण्यात आली. पुढे हा कार्यक्रम राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडला गेला.

अग्रणी बँक योजना १९६९ च्या अखेरीस अस्तित्वात आली. तिचे मूळ राष्ट्रीय पतपरिषदेच्या ज्या अभ्यासगटाने सुचवलेल्या 'क्षेत्रीय दृष्टिकोना'त आहे, त्या गटाचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक धनंजयराव गाडगीळ होते. जिल्हा हा पतपुरवठ्याच्या नियोजनाचा घटक मानावा, या त्यांच्या आग्रहाशिवाय जिल्हानिहाय आरसेटीची कल्पना रुजणे अवघड होते.

जागा राज्य शासनाने विनामूल्य द्यावी, इमारतीसाठी केंद्राने एकरकमी अनुदान द्यावे (प्रारंभी ही रक्कम १ कोटी रुपये होती) आणि दैनंदिन खर्च बँकेने करावा, अशी विभागणी आहे. दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण प्रशिक्षणार्थ्यांवरील खर्चाची प्रतिपूर्ती केंद्राकडून होते. संस्थेचा संचालक हा पुरस्कर्त्या बँकेतून पाठवलेला अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली मोजके प्रशिक्षक व कार्यालयीन कर्मचारी असतात. शिवणकाम, मोटार रिवाइंडिंग, शेळीपालन असे प्रत्यक्ष कौशल्य शिकवण्यासाठी त्या त्या धंद्यातील स्थानिक जाणकारांना मानधनावर बोलावले जाते.

प्रशिक्षणाचे स्वरूप

अभ्यासक्रमांचे चार गट पाडण्यात आले आहेत: कृषीविषयक, वस्तुनिर्मितीविषयक, सेवा व दुरुस्तीविषयक आणि सर्वसाधारण उद्योजकता. दुग्धव्यवसाय व गांडूळखत किंवा शेळीपालन यांचे वर्ग साधारणपणे दहा दिवसांचे असतात. पापड, लोणची व मसाले यांचाही वर्ग तितकाच. भ्रमणध्वनी दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, घरगुती वायरिंग, पंपसंच दुरुस्ती, महिलांचे शिवणकाम यांना सुमारे तीस दिवस लागतात. एका तुकडीत साधारणतः २५ ते ३५ जण असतात. निवास आणि भोजन संस्थेकडून मिळते, विद्यावेतन मात्र मिळत नाही. मूळ सूचनांनुसार वयाची अट १८ ते ४५ वर्षे होती. ट्रायसेमच्या ३५ वर्षांच्या मर्यादेपेक्षा ती बरीच सैल आहे, आणि मुले मोठी झाल्यावर कमाईला लागणाऱ्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला.

दिवसाची सुरुवात प्रार्थना, योगासने आणि श्रमदानाने होते. आदल्या दिवशी शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रत्येकाने सर्वांसमोर सांगायची, असा एक प्रघात आहे. चारचौघांत कधीच न बोललेल्या मुलीला ग्राहकाशी आणि बँकेतील साहेबाशी बोलायची सवय येथे लागते. वरवर किरकोळ भासणाऱ्या या प्रघाताचे मोल त्यामुळे बरेच आहे.

कौशल्याइतकाच वेळ उद्योजकीय वृत्तीच्या जडणघडणीला दिला जातो. अंतर स्वतः ठरवून खुंटीवर कडी फेकणे, डोळे बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचणे, ठरलेल्या वेळेत कागदी होड्या बनवून 'विकणे' असे खेळ यासाठी घेतले जातात. फार जवळून कडी फेकणारा जोखीम टाळतो, फार लांबून फेकणारा नशिबावर विसंबतो, आणि मध्यम अंतर निवडणारा आपल्या कुवतीचा अंदाज घेतो, असा त्यामागील विचार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांच्या 'सिद्धिप्रेरणा' सिद्धांतातून हे खेळ आले. मॅक्लेलँड यांनी १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना असे प्रशिक्षण देऊन त्याचा परिणाम तपासला होता. उद्योजक जन्मावा लागतो, तो विशिष्ट जातींतच निपजतो, या समजाला त्या प्रयोगाने आव्हान दिले. भारतातील पुढच्या बहुतेक उद्योजकता प्रशिक्षणांवर त्याची छाप आहे.

यानंतर प्रशिक्षणार्थ्यांना बाजारपेठेची पाहणी करायला पाठवले जाते आणि तिच्या आधारे प्रकल्प अहवाल तयार करून घेतला जातो. शेवटी परीक्षण होते. कौशल्य आणि उद्योजकता या दोन अंगांची तपासणी वेगवेगळे परीक्षक करतात.

कर्जाचा प्रश्न

आरसेटीचे प्रमाणपत्र म्हणजे कर्जाची हमी नव्हे. संस्था अर्ज बँकेच्या शाखेकडे पाठवते, मंजुरीचा निर्णय शाखेचा असतो. सामान्यतः प्रधानमंत्री मुद्रा योजना (८ एप्रिल २०१५ पासून) किंवा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (२००८ पासून) यांतून कर्ज मागितले जाते. मुद्रा योजनेत ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु' म्हणतात आणि शिवणयंत्र, दुरुस्तीची अवजारे किंवा दोन-चार शेळ्या यांसाठी ते पुरते. रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान असते. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० व ५ टक्के भरावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये दिला. तरीही थकलेले जुने कर्ज, जागेच्या कागदपत्रांचा अभाव किंवा पूर्वी कधी बँकेशी व्यवहारच नसणे, यांमुळे अर्ज अडतात. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही त्याला कर्ज देण्याबाबतची बँकेची साशंकता चार आठवड्यांच्या वर्गाने पूर्णपणे दूर होत नाही. प्रशिक्षण आणि कर्ज यांतील अंतर जितके लांबते तितका तरुण दुसऱ्या कामाकडे किंवा शहराकडे वळण्याचा संभव वाढतो.

मूल्यमापन

प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्के जण स्थिरावावेत आणि स्थिरावलेल्यांपैकी निम्म्यांना बँकेचे कर्ज मिळावे, असे लक्ष्य संस्थांपुढे ठेवलेले असते. 'स्थिरावणे' या शब्दात बँकेच्या कर्जातून, स्वतःच्या पैशातून किंवा नोकरी धरून कमावू लागणे, हे सर्व मोजले जाते. त्यामुळे घरच्या यंत्रावर शेजारणींचे कपडे शिवणारी स्त्री आणि चार जणांना काम देणारा वर्कशॉपचालक आकडेवारीत सारखेच ठरतात. धंदा सुरू झाल्याची नोंद होते. तो पाच वर्षांनी चालू आहे का, याचे उत्तर दोन वर्षांच्या पाठपुराव्यातून मिळू शकत नाही.

दुसरी मर्यादा अभ्यासक्रमांच्या निवडीची आहे. शिवणकाम आणि ब्युटी पार्लर यांना मागणी मोठी असते, कारण ती घरातून करता येतात आणि कुटुंबाची हरकत नसते. परंतु एकाच गावात दहा-बारा जणींनी तेच शिकल्यास गिऱ्हाईक वाटले जाते. बाजारपाहणीचा उद्देश हाच धोका टाळणे हा आहे. ती केवळ सोपस्कार म्हणून उरकली, तर तो साधत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात पुणे, सातारा आदी जिल्ह्यांत बँक ऑफ महाराष्ट्र, तर कोल्हापूर, सांगली, सोलापूर आदी जिल्ह्यांत बँक ऑफ इंडिया ही अग्रणी बँक आहे. बँक ऑफ इंडियाच्या संस्था 'स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्थान' या नावाने चालतात. 'उमेद' अभियानाशी जोडलेले महिला बचतगट हे प्रशिक्षणार्थी मिळवण्याचे मोठे माध्यम झाले आहे. गटाची बचत आणि अंतर्गत कर्ज यांचा अनुभव असलेली स्त्री बँकेत नवखी नसते, आणि माल विकण्यासाठी तिला गटांचे जाळे आयते मिळते. तरुण पुरुषांना असे संघटित जाळे क्वचितच उपलब्ध असते.

राज्यात याच क्षेत्रात इतर यंत्रणाही कार्यरत आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. १९९२ पासून कार्यरत असलेल्या भारतीय युवा शक्ती ट्रस्टची पद्धत निराळी आहे. तेथे प्रत्येक नवउद्योजकाला एक अनुभवी मार्गदर्शक नेमून दिला जातो आणि तो स्वेच्छेने, विनामोबदला वेळ देतो. आरसेटीत हे काम मोजक्या प्रशिक्षकांकडे असते आणि त्यांच्यावर दर वर्षी नव्या तुकड्यांची भर पडत राहते.