कायद्याचे शिक्षण : पूर्ण शिष्यवृत्ती घ्यावी की मोठे नाव?

क्लॅटचा निकाल लागला, परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रे यायला लागली की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. एका कॉलेजने फी पूर्ण माफ केली आहे. त्याहून नावाजलेल्या दुसऱ्या ठिकाणीही नंबर लागला आहे, पण तिथला खर्च घरच्यांनी किंवा बँकेने उचलायचा आहे. काय करावे?

सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. एक म्हणतो, नाव आयुष्यभर कामाला येते, कर्ज काढा. दुसरा म्हणतो, फुकट मिळतेय तर विचार कसला करता. सनद हातात आल्यावर पहिली पाच वर्षे तू कुठे आणि काय काम करणार आहेस, हे मात्र त्या मुलाला किंवा मुलीला दोघांपैकी कोणीच विचारत नाही. आमच्या मते निर्णय तिथूनच सुरू व्हायला हवा. ही माहिती त्यासाठी एकत्र केली आहे.

आधी पेच खरा आहे का ते पाहा

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा पेच अनेकदा अर्धवट माहितीमुळे तयार होतो. नावाजलेली जागाही पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी मोफत मिळू शकते, पण अर्जाची तारीख निघून गेल्यावर ते कळते.

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाचा हा काळ. महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तरी शिक्षण फी व परीक्षा फीची प्रतिपूर्ती, म्हणजे आपण ज्याला फ्रीशिप म्हणतो ती, उपलब्ध आहे. हे अनेक नोकरदार कुटुंबांना ठाऊकच नसते. याशिवाय केंद्र सरकारची टॉप क्लास शिक्षण योजना आहे. तिच्यात यादीतल्या नामांकित संस्थांमध्ये प्रवेश घेणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची फी सरकार भरते आणि उत्पन्नमर्यादा आठ लाख आहे. प्रत्येक संस्थेला ठरावीक जागा असतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. क्लॅटची तयारी आणि नंतरचा खर्च या दोन्हींसाठी आयडीआयए ही संस्था २०१० पासून वंचित घटकांतील मुलांना मदत करते. प्रा. शमनाद बशीर यांनी ती सुरू केली.

म्हणून मोठ्या नावाच्या विद्यापीठाला नकार कळवण्यापूर्वी तिथल्या विद्यार्थी विभागाला ईमेलने एवढे विचारा: गेल्या वर्षी अनुसूचित जातीच्या किती विद्यार्थ्यांची फी कोणत्या योजनेतून भरली गेली, आणि ती येईपर्यंत विद्यार्थ्याला आधी पैसे भरावे लागले का? उत्तर लेखीच घ्या.

कागदपत्रांत आमची मुले एका ठिकाणी हमखास अडकतात. बौद्ध धर्मांतरितांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. पण केंद्रीय प्रवेश व योजनांसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रात यादीतल्या मूळ जातीचा उल्लेख केंद्राच्या नमुन्यात असावा लागतो. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला दाखला राज्यात चालतो आणि तिकडे परत येतो. बारावीला असतानाच केंद्रीय नमुन्यातला दाखला काढून ठेवा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही तेव्हाच करा.

'पूर्ण' शिष्यवृत्ती म्हणजे किती

खासगी विद्यापीठे चांगल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना शंभर टक्के फीमाफी देतात. तिथे जाहिरात वाचून थांबू नका, अटींचे पान मागा. फीमाफी बहुधा फक्त शिकवणी शुल्काची असते. वसतिगृह, मेस, अनामत, परीक्षा शुल्क आणि दर उन्हाळ्यात दिल्ली-मुंबईत इंटर्नशिपसाठी राहण्याचा खर्च वेगळा.

दुसरी गोष्ट गुणांच्या अटीची. दरवर्षी अमुक सीजीपीए राखला तरच माफी पुढे चालू, असे लिहिलेले असते. समजा एका वर्गात पंधरा जणांना फीमाफी दिली आणि पुढच्या वर्षी ती टिकवायला पहिल्या दहांत यावे लागते. मग सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी किमान पाच जणांची माफी जाणारच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले सत्र इंग्रजीशी झुंजण्यातच जाते, आणि नेमक्या त्याच सत्राचे गुण धरले जातात. माफी गेल्यावर फी पूर्ण भरायची की कॉलेज सोडायचे, हे दुसऱ्या वर्षी ठरवणे फार कठीण. अट असलेल्या शिष्यवृत्तीला आम्ही पूर्ण शिष्यवृत्ती मानत नाही. त्या संस्थेला विचारा, मागच्या तुकडीत सुरुवातीला किती जणांना माफी होती आणि शेवटच्या वर्षापर्यंत किती जणांची टिकली. उत्तर टाळले तर ते उत्तरच समजा.

याच्या उलट बाजूला शासकीय आणि अनुदानित विधी महाविद्यालये आहेत. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे, बाबासाहेब १९३५ ते १९३८ या काळात जिथे प्राचार्य होते तेच. तिथली फी आजही हजारांत मोजतात, लाखांत नाही. म्हणजे कोणी 'शिष्यवृत्ती' न म्हणताही ती जवळजवळ पूर्ण शिष्यवृत्तीच आहे. प्रश्न राहण्या-जेवणाचा उरतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करावा. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठरवलेली आहे. मुंबईत तेवढ्यात भागत नाही, पण आधार होतो.

शिष्यवृत्तीचे बंधन काय असते हे बाबासाहेबांच्या बाबतीत पाहता येते. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. कोलंबियातले शिक्षण तिच्यावर झाले. पण लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनचे बॅरिस्टरीचे शिक्षण सुरू असतानाच मुदत संपली आणि १९१७ मध्ये सगळे अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात राहायला जागा मिळू दिली नाही, ती नोकरी टिकली नाही. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. कोणतीही शिष्यवृत्ती स्वीकारताना त्यातल्या दोन ओळी बोटाने शोधा: मुदत कधी संपते, आणि बदल्यात काय लिहून द्यायचे आहे.

नावाची किंमत कुठे मिळते, कुठे नाही

मोठ्या नावाला किंमत नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर येतात त्या मोजक्याच विद्यापीठांत, आणि तिथून निवड झालेल्यांचा पहिला पगार वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास किंवा वर असतो. तुम्हाला कंपनी कायद्यात जायचे असेल, घर सावरायचे असेल आणि बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली, कोलकात्यासारख्या वरच्या चार-पाच विद्यापीठांत जागा मिळत असेल, तर कर्ज काढूनही जावे. पण 'राष्ट्रीय विधी विद्यापीठ' ही पाटी आता देशात पंचवीसच्या आसपास ठिकाणी आहे, आणि प्रत्येक ठिकाणी फर्म येत नाहीत. नव्या विद्यापीठांची फी मात्र जुन्यांच्या बरोबरीची आहे. महाराष्ट्रातच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. गेल्या दोन तुकड्यांतली किती मुले कोणत्या कामाला लागली, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून कळेल. माहितीपुस्तिकेवर विसंबू नका.

आता कोर्टाचा रस्ता पाहू. आमच्या वाचकांतले बरेच जण याच रस्त्याने जाऊ इच्छितात. ॲट्रॉसिटीचे खटले, गायरान जमिनीचे दावे, सफाई कामगारांच्या केसेस, जिल्हा आणि उच्च न्यायालयातली वकिली. इथे सुरुवातीला मिळणारे पैसे फारच थोडे. ज्युनिअर वकिलाला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती सक्ती नाही, नुसती शिफारस आहे. त्याशेजारी हे गणित ठेवा: पाच वर्षांचे पंधरा लाख कर्ज, व्याज दहा टक्के, परतफेड दहा वर्षांत, तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,८०० रुपये. शिकत असतानाचे व्याज मुद्दलात मिळवले तर त्याहून जास्त. म्हणजे शिफारशीइतके विद्यावेतन मिळाले तरी शहरात हातात दोनशे रुपये उरतात. अशा वेळी कितीही तळमळ असली तरी माणूस पगाराच्या नोकरीकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

न्यायाधीश व्हायचे असेल तरी हेच. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षे वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. परीक्षेत कॉलेजचे नाव कोणी विचारत नाही, पण ती तीन वर्षे कशावर काढणार हे घर विचारते.

एक खर्च अलीकडे कमी झाला आहे. सनदेसाठी बार कौन्सिल हजारो रुपये घेत असत. जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालाने कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही असे ठरले. सर्वसाधारण उमेदवारांना ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. जास्त मागितले तर हा निकाल दाखवा. बाबासाहेबांकडे १९२३ मध्ये सनदेपुरतेही पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच धावून आले होते.

कोर्टाच्या कामासाठी आणखी एक गोष्ट मोजा, ती म्हणजे अंतर. चर्चगेटच्या कॉलेजातून उच्च न्यायालय चालत जाण्याइतके जवळ आहे, त्यामुळे सकाळी लेक्चर आणि दिवसभर वकिलाच्या चेंबरमध्ये असे पाच वर्षे करता येते. तालुका-जिल्हा न्यायालयांचे बरेच काम मराठीत चालते. मराठीत दावा आणि कैफियत नीट लिहिता येणे हे तिथले कौशल्य आहे, आणि ते दूरच्या विद्यापीठात शिकवत नाहीत. उलट, ग्रंथालय, मूट कोर्ट, रोजचे इंग्रजी आणि पुढे मोठ्या पदांवर जाणारे वर्गमित्र या गोष्टी चांगल्या राष्ट्रीय विद्यापीठात जेवढ्या मिळतात तेवढ्या साध्या कॉलेजात मिळत नाहीत. तिथे ती भर स्वतः घालावी लागते आणि पुष्कळांकडून ते होत नाही, हेही खरे.

या चर्चेत हमखास न्या. भूषण गवई यांचे उदाहरण दिले जाते: अमरावतीचा मुलगा, १९८५ मध्ये वकिली सुरू, २०२५ मध्ये सरन्यायाधीश, त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध. अभिमान आम्हालाही आहे. पण नाव नसले तरी चालते, हे सिद्ध करायला ते वापरू नये. १९८५ मध्ये देशात राष्ट्रीय विधी विद्यापीठ एकही नव्हते, आणि रा. सू. गवई यांचे घर सामान्य कार्यकर्त्याचे घर नव्हते.

परदेशातील एलएलएम

इथे आमचे मत जास्त ठाम आहे. हार्वर्ड किंवा कोलंबियातील एका वर्षाच्या एलएलएमचा एकूण खर्च एक लाख डॉलरच्या पुढे जातो. चाळीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे ४३ हजार. अमेरिकेत एलएलएमनंतर नोकरी मिळेलच असे नाही, आणि भारतात वकिलीला एलएलएम लागतच नाही. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते, म्हणजे घर किंवा वडिलांची जमीन. केवळ नावासाठी ती गहाण ठेवू नये.

आणि इथेही नाव मोफत मिळवायचा मार्ग आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना मिळते. फी, निर्वाह भत्ता, विमा आणि विमानभाडे तिच्यात येते. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. हा क्रमांक संपूर्ण विद्यापीठाचा पाहतात, कायदा विभागाचा नाही. त्यामुळे लंडनच्या सोआससारखी दक्षिण आशियाई कायद्यासाठी ओळखली जाणारी संस्था त्यातून सुटू शकते. सोआस, ऑक्सफर्ड आणि रीडिंगसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळले गेले, तेव्हा जातीच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी विषय मांडताना नियमावली समोर ठेवावी. ब्रिटनची चेव्हनिंग घेतली तर नंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते आणि अर्जापूर्वी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कोर्टात दोन वर्षे काढलेल्या कार्यकर्त्या वकिलाला ही अट उलट सोयीची आहे.

प्रवेश मिळाला पण पैसे नाहीत, असे झाले तर विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करा. काही देतात. त्याच पत्रात दुसऱ्या विद्यापीठाने देऊ केलेल्या शिष्यवृत्तीचे पत्र जोडून रक्कम वाढवता येईल का असेही विचारता येते. यात लाजण्यासारखे काही नाही, तिकडे ही नेहमीची पद्धत आहे. शासकीय शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येईल असे धरून तिकीट काढू नका. व्हिसासाठी दाखवायची रक्कम आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च आधी वेगळा ठेवा. अर्जाच्या आधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा, कारण वय, उत्पन्न आणि क्रमवारीच्या अटी बदलत राहतात. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, पासपोर्ट आणि दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत फाइलमध्ये हवीत.