आज्ञा ईश्वराची कीं माणसांची?

धर्मांतर करणारा मनुष्य ईश्वराची नवी सत्ता मान्य करतो, एवढें सांगून चरित्रकार बहुधा पुढें जातात. परंतु खरा प्रश्न तेथेंच सुरू होतो. ती सत्ता रोजच्या व्यवहारांत ओळखावी कशी? ताटांत काय वाढून घ्यावें, गळ्यांत काय घालावें, कोणास शिकवावें, या गोष्टींत ईश्वराची आज्ञा कोणती आणि ती सांगणाऱ्या माणसांची मर्जी कोणती, हें निवडावें कोणीं? पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडांतील वास्तव्याकडे आम्ही या दृष्टीनें पाहतों.

इ. स. १८८३ मध्यें रमाबाई आपली लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन वाँटेज येथील सेंट मेरी मठांत राहावयास गेल्या. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मठांतील सिस्टर जेराल्डिन या बाईंच्या धर्ममाता झाल्या. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत डॉरोथिआ बील यांच्या देखरेखीखालीं त्या शिकूं व शिकवूं लागल्या. या मंडळींशीं बाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं प्रसिद्ध केला.

त्या पत्रांतील कलहाचे विषय वरवर पाहतां क्षुल्लक आहेत. बाई शाकाहारी, अंडें घातलेलें पक्वान्न त्या खात ना. धर्ममातेस यांत जुन्या जातीचा अभिमान दिसे. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें असावींत असें मठाचें म्हणणें. बाईंना संस्कृत हवें होतें, कारण लॅटिन त्यांस येत नव्हती आणि संस्कृताहून ती अधिक पवित्र कशानें, हें त्यांस कळेना. पुढें पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. त्रैक्याच्या सिद्धांताविषयींही बाईंच्या मनांत शंका होत्या, आणि त्या त्यांनीं लपविल्या नाहींत.

सिस्टर जेराल्डिन यांची बाजू अगदींच पोकळ नव्हती. बाप्तिस्मा म्हणजे आज्ञापालनाचें व्रत. नवशिक्यानें आपल्या आवडीसच ईश्वराचा शब्द मानूं नये, ही त्यांची भीति साधार होती. बाईंचें उत्तर असें कीं, ख्रिस्ताची सत्ता आपण पत्करली ती चर्चच्या अधिकाऱ्यांची नव्हे. एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून सुटलेली मान दुसऱ्याच्या जुवाखालीं देण्यासाठीं आपण आलों नाहीं. शास्त्र वाचावें, ईश्वरानें दिलेल्या विवेकानें तें तोलावें आणि मग आचरण ठरवावें.

पण विवेक आणि हट्ट यांचा भेद करावा कसा? आमच्या मतें त्यास एक साधी कसोटी आहे: निर्णय सोयीच्या दिशेस गेला कीं तिच्या उलट? परक्या देशांत, कानांनीं अधू झालेल्या, पदरीं मूल असलेल्या या विधवेला आसरा त्याच मठाचा होता. होकार देणें सोयीचें असतां त्यांनीं नकार दिला. म्हणून त्यांच्या नकारास आम्ही हट्ट म्हणत नाहीं.

हाच प्रश्न पुढें उलटा होऊन त्यांच्याच दाराशीं आला. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें शारदा सदन पुढल्या वर्षीं पुण्यास आलें. मुलींच्या धर्मांत हात घालावयाचा नाहीं, असें ठरलें होतें. बाई आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत. मुली आपण होऊन येऊन बसत. बाईंनीं दार लावण्याचें नाकारलें. १८९३ मध्यें रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. येथें आम्ही बाईंची बाजू सर्वस्वीं घेऊं शकत नाहीं. मठाची आश्रित असून ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ रमाबाईंस होतें. सदनाच्या अन्नावर वाढणाऱ्या अजाण मुलीस तें कोठून असावें? उघडें दार कोणास बोलावीत नसलें, तरी आश्रयदात्रीच्या प्रार्थनेचें वजन मुलीवर पडतेंच.

बाईंच्या उत्तरायुष्यांतील एका कार्यांत मात्र या शंकेचें कांहींसें उत्तर मिळतें. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. अल्पशिक्षित बाईलाही तें स्वतः वाचून समजावें हा त्यांचा हेतु होता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, त्याच्या थोड्याच आधीं हें काम पुरें झालें. ईश्वराची आज्ञा ओळखण्याचा हक्क ज्या स्त्रीनें मठापाशीं भांडून मिळविला, तिनें तो हक्क बजावण्याचें साधन शेवटीं दुसऱ्या स्त्रियांच्या हातीं ठेवलें. ज्यास ग्रंथ वाचतां येतो, त्यास ग्रंथ सांगणाऱ्यालाही प्रश्न विचारतां येतो, मग सांगणारी खुद्द रमाबाई कां असेना.